साहेबांना वाटाणा सोलून घाल

‘गोगलगाय आणि पोटात पाय’ ही म्हण पहिल्यांदा ज्याच्या तोंडून निघाली त्याने गोगलगाय पाहिली असेल, पण सांभाळली नक्की नसेल. सांभाळली असती तर म्हण सुचली नसती, नुसता उसासा निघाला असता. मी सांभाळली आहे. शिवाय ऑफिसात मलाच गेली कित्येक वर्षं गोगलगाय म्हणतात, त्यामुळे या विषयावर मी दोन्ही बाजूंनी अधिकाराने बोलू शकतो.

तोंडावर कुणी म्हणत नाही. आमचं ऑफिस पाणीपुरवठ्याचं, म्हणजे सभ्य लोकांचं. तिथे जे काय म्हणायचं ते पाठीमागे म्हणतात. मी कठडा धरून जिना चढतो, कागद पुरता वाचल्याशिवाय सही करत नाही आणि साहेब ओरडले की मान खाली घालून ‘हो साहेब’ म्हणतो. एवढ्यावरून माणसाला गोगलगाय म्हणायचं असेल तर म्हणोत बापडे. मी मनाला लावून घेत नाही. घेतो, पण बोलत नाही.

तर या सगळ्याच्या मुळाशी माझा मेहुणा आहे. त्याने घर बदललं, नव्या घरात जागा नव्हती, म्हणून एक छोटी काचेची टाकी आणि तिच्यातला एक मासा ‘ताईला भेट’ असं म्हणून त्याने आमच्या गळ्यात मारला. टाकी एवढीशी, बादलीभर पाण्याची. मासा मात्र देखणा, निळाजांभळा, शेपटी रेशमी पडद्यासारखी. मी कौतुकाने तोंड जवळ नेलं, तर त्याने गालफडं फुगवली, पंख ताणले आणि माझ्या नाकाच्या रोखाने काचेवर धडक मारली. याला फायटर मासा म्हणतात, हे मेहुण्याने पाऊण जिना उतरल्यावर खालून ओरडून सांगितलं.

बायको गालाला हात लावून बघत होती. म्हणाली, “अय्या! अहो, हा अगदी तुमच्या साहेबांसारखा फुगतो!”

झालं. त्या दिवसापासून माशाचं नाव साहेब. ‘साहेब जेवले का?’, ‘साहेबांच्या अंगावर ऊन येतंय, पडदा ओढा’, ‘साहेब आज नाराज दिसताहेत’. आमच्या घरात आदरार्थी बहुवचन माझ्या सासऱ्यांनंतर मिळालं ते थेट त्या माशाला. मला बायको ‘अहो’ म्हणते हे खरं, पण त्यात आदर किती आणि नुसती हाक किती, हे मी कधी खोलात जाऊन पाहिलेलं नाही. काही गोष्टी वरवर बऱ्या असतात.

टाकी ठेवायची कुठे, यावर घरात बराच खल झाला. टीव्हीजवळ नको, खिडकीत नको, ओट्यावर तर मुळीच नको. शेवटी दारापाशी चपलाबुटांचं जे बुटकं कपाट आहे, त्याच्यावर टाकी चढली. साहेबांना चपलांच्या वर बसवल्यामुळे माझ्या जिवाला का कोण जाणे, जरा बरं वाटलं.

थोड्याच दिवसांत काचेवर हिरवं शेवाळ धरलं. मी जुना दात घासायचा ब्रश घेऊन हात आत घातला आणि साहेब बोटाला चावले. मी बोटाला पट्टी बांधून ऑफिसात गेलो. ‘काय झालं?’ असं जो तो विचारत होता. ‘साहेब चावले’ हे काही सरकारी कचेरीत सांगता येत नाही, म्हणून दारात सापडलं म्हणालो.

आमच्या तळमजल्यावर एक निवृत्त मास्तर राहतात. त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला, त्यामुळे भूगोल सोडून बाकी सगळ्या विषयांवर ते आता सल्ला देतात. त्यांनी काच पाहिली, शेवाळ पाहिलं, माझं बोट पाहिलं आणि म्हणाले, “एक गोगलगाय आणून सोडा आत. काच चाटूनपुसून लख्ख करते. ना आवाज, ना चावा, ना कटकट.” मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाले, “तुमचं आणि तिचं चांगलं जमेल.”

मी ते शेवटचं वाक्य ऐकलंच नाही असं दाखवलं आणि माशांच्या दुकानात गेलो.

“फायटरबरोबर गोगलगाय?” दुकानदाराने मान हलवली. होय म्हणून हलवली की नाही म्हणून, ते कळलं नाही. “कुणाचं जमतं, कुणाचं नाही. लग्नासारखंच आहे बघा. नेऊन बघायचं.”

“आणि नाही जमलं तर?”

“तर गोगलगाय परत आणा. तो मासा नका आणू. माझं दुकान बसवेल तो.”

त्याने लिंबाएवढी सोनेरी गोगलगाय पाण्याच्या पिशवीत घालून दिली. “हिच्या मिश्या लांब असतात. माशाला वाटतं अळ्याच वळवळताहेत. तेवढं सांभाळा. आणि टाकीला झाकण लावा, ह्या बाया फिरायला निघतात,” असंही तो म्हणाला. पण तोवर मी पिशवी डोळ्यांसमोर धरून तिच्याशी बोलायला लागलो होतो. ते झाकणाचं जरा लक्ष देऊन ऐकलं असतं, तर पुढचं रामायण टळलं असतं.

घरी आल्याबरोबर तिला पाण्यात सोडली. ती तळाशी टेकली. साहेब वर एका कोपऱ्यात होते, ते तरंगत खाली आले. इकडे तिने कवचाचं झाकण हळूच किलकिलं केलं आणि एक मिशी बाहेर काढली. मग दुसरी. बदली होऊन नव्या कचेरीत आलेला माणूस दारातून आधी नुसतं डोकं आत घालून ‘येऊ का?’ म्हणतो ना, अगदी तस्सं. साहेबांनी ‘या’ही म्हटलं नाही, ‘बसा’ही म्हटलं नाही. मिशी पकडली आणि खस्सकन ओढली.

तिने झाकण लावून घेतलं. ओरडली नाही, उलटून गेली नाही, नुसती आत गेली आणि गप्प बसली.

मला गलबलून आलं हो. हसू नका. मी तिला ओळखलं. तिच्या जागी मीही हेच केलं असतं. रोज दहा ते साडेपाच मी दुसरं काय करतो?

“बिचारीला परत देऊन या बाई,” बायको हळहळत म्हणाली. “साहेबांचा स्वभाव काय बदलणार आहे का?”

“साहेबांचा स्वभाव बदलत नाही, म्हणून गोगलगायीने घर सोडायचं?” मी म्हणालो. “काही जाणार नाही ती. इथेच राहील.”

माझा आवाज जरा चढलाच असणार, कारण बायको माझ्याकडे बघतच राहिली. एरवी आमच्या घरात माझा आवाज मीठ मागण्यापुरता निघतो.

पण गोगलगाय काही बाहेर येईना. मास्तर म्हणाले, “मेली असेल तर वास येईल. हुंगून बघा.” मी तिला बाहेर काढली, उजेडात बघावं म्हणून दार उघडून उंबऱ्यात उभा राहिलो आणि डोळे मिटून जोरात हुंगली. डोळे उघडले तर समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू कचऱ्याची बादली घेऊन उभ्या.

“सर्दी झालीय का?” काकू काळजीने म्हणाल्या. “याने मोकळं होतं?”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात गोगलगायीने झाकण उघडलं आणि माझ्या नाकाच्या शेंड्यावर पाय ठेवला. पोटातला होता की कुठला ते ठाऊक नाही, पण गारेगार होता. जिवंत होती हो! मी आनंदाने ओरडलो, काकू बादली तिथेच टाकून आत गेल्या. पुढे तो कचरा मीच उचलला.

आता साहेबांना आवरायचं कसं? मास्तर म्हणाले, “लक्ष दुसरीकडे वळवा. आरसा दाखवा.” बायकोचा हातातला आरसा टाकीला बाहेरून टेकवून ठेवला. साहेबांनी आरशात दुसरे साहेब पाहिले आणि त्यांचं भान हरपलं. फुगताहेत, धावताहेत, शेपटी आपटताहेत. तेवढ्यात इकडे गोगलगाय निवांत बाहेर आली आणि पाट्यावरून हात फिरवावा तशी काचेवरून फिरू लागली. ती जिथून गेली तिथली काच आरपार दिसायला लागली. मी खुर्ची ओढून बघत बसलो. असं सुख मला बढतीच्या वेळीही झालं नव्हतं.

घोटाळा झाला तो खाण्याचा. एवढे कष्ट करतात म्हणून बायको साहेबांना चार दाणे जास्त घालायची. त्यांचं पोट भरलेलं असलं तर ते मिश्या ओढणार नाहीत म्हणून मी तिच्या नकळत घालायचो. आणि मास्तर आले की ‘काय म्हणतात साहेब?’ करत चिमूटभर टाकायचे. व्हायचं तेच झालं. एक दिवस साहेबांचं पोट टम्म फुगलं आणि ते एका कुशीवर तरंगायला लागले.

मी त्या वेळी ऑफिसात होतो. बायकोचा फोन आला. आमच्या घरात फोनवर अर्धं ऐकू येतं आणि अर्धं येत नाही, त्यामुळे तिच्याशी बोलायचं म्हणजे टिपेला जावं लागतं.

“काय? पोट फुगलंय? साहेबांचं?” मी ओरडलो. “अगं, फुगणारच! दिवसभर चरत असतात! आज काही घालू नकोस त्यांना. काही होत नाही! एक दिवस उपाशी राहिल्याने मरत नाहीत साहेब! हॅलो? हां, उद्या एक वाटाणा उकड आणि साहेबांना वाटाणा सोलून घाल! सोलून! सालाने अडकेल! काय? तशातही परत गोगलगायीच्या मागे लागलेत? मग चमचा घे आणि हाण एक!”

फोन ठेवला. ऑफिसात एवढी शांतता मी आजवर कधी ऐकली नव्हती. पंखा तेवढा कुरकुरत होता. टेबलांवरची सगळी डोकी खाली होती आणि सगळे खांदे गदागदा हलत होते. मी सावकाश मागे वळलो.

मागे साहेब उभे होते. खरे.

इथे एक सांगायला हवं. आमच्या साहेबांचं पोट हा ऑफिसातला नाजूक विषय आहे. साहेब खोलीत येतात तेव्हा आधी पोट येतं, मग साहेब येतात, आणि दोघं आत आल्याशिवाय कुणी खाली बसत नाही. त्याबद्दल कुणी बोलत नाही, मोठ्याने तर नाहीच नाही.

साहेबांनी गाल फुगवले. मानेपासून कपाळापर्यंत लाल होत गेले. “आत या,” म्हणाले.

आत गेलो. “साहेब, तुमचा गैरसमज झालाय. साहेब म्हणजे तुम्ही नव्हे. साहेब म्हणजे मासा.”

मला वाटलं होतं, हे ऐकून त्यांना बरं वाटेल.

“तुम्ही माशाला साहेब म्हणता?”

“मी नाही साहेब. बायको म्हणते.”

“आणि गोगलगाय? या ऑफिसात गोगलगाय कुणाला म्हणतात हे मला माहीत नाही, असं वाटतं तुम्हाला?” साहेब टेबलावर पुढे झुकले. “मी तुमच्या मागे लागतो, आणि तुमच्या मिसेस मला चमच्याने हाणणार?”

“खरीखुरी गोगलगाय आहे साहेब. सोनेरी. लिंबाएवढी.”

“लेखी खुलासा द्या.”

आता खुलासा लिहायचा म्हणजे वर विषय लिहावा लागतो. ‘विषय : साहेबांच्या पोटफुगीबाबत’ असं लिहिलं, खोडलं. ‘विषय : साहेब नामक माशापासून गोगलगायीस होणाऱ्या उपद्रवाबाबत’ असं लिहिलं. आवक-जावक बघणाऱ्या बाईंनी कागद वरून खाली वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि म्हणाल्या, “याला पुरावा कुठे जोडलाय? पुराव्याशिवाय मी घेणार नाही.” मी म्हटलं, बाई, गोगलगायीला टाचणी लावून जोडू का? मग त्यांनी ‘पुरावा जिवंत असल्याने सोबत जोडलेला नाही’ असं माझ्याकडून खाली लिहून घेतलं आणि शिक्का मारला. दोन दिवसांनी संध्याकाळी कागद परत आला. साहेबांनी लाल शाईत शेरा मारला होता : प्रत्यक्ष स्थळपाहणी करावी लागेल.

“रविवारी सकाळी येतो,” साहेब म्हणाले. “आमच्या मिसेसही येतील. गोगलगाय दिसली तर ठीक. नाही दिसली, तर जुन्या पंपघरात एक टेबल रिकामं आहे.”

पंपघरातून आलेली माणसं दोन वर्षांनी भेटली तरी ‘आं? आं?’ करतात. पण घरी येऊन पाहिलं तर साहेब, म्हणजे मासा, उपासाने आणि वाटाण्याने ठणठणीत होत होता, गोगलगाय काचेवर चढून मिश्या हलवत होती, आणि मी तिला म्हटलं, बाई गं, आता माझी सगळी भिस्त तुझ्यावर. एवढा रविवार पार पाड.

रविवारी सकाळी उठलो, टाकीपाशी गेलो. गोगलगाय नव्हती.

दगडामागे पाहिलं, वाळूत बोटं घालून पाहिलं. नाही. बायको म्हणाली, “साहेबांनी खाल्ली की काय?” कवचासकट? आणि पोट तर पार सपाट झालेलं. मग मला दुकानदाराचं ते झाकणाचं वाक्य आठवलं. कपाटामागे पाहिलं, सोफ्याखाली पाहिलं, केरसुणीचा केस न् केस विंचरला. मास्तर येऊन गुडघ्यांवर रांगू लागले. “ती तशी लांब जाणार नाही,” ते सोफ्याखालून म्हणाले, “तिचा वेग बघता.” मग त्यांनी दुसरी गोगलगाय आणायची शक्कल काढली, पण दुकान रविवारी बंद. तेवढ्यात घंटा वाजली.

साहेब आले. दारात त्यांनी काळे चकचकीत बूट काढले, कपाटापाशी ठेवले आणि छाती व पोट काढून आत आले. मागून त्यांच्या मिसेस आल्या. साहेबांच्या खांद्यालाही लागणार नाहीत एवढ्या, पण आवाज असा, की टाकीतलं पाणी हललं.

“बसा,” त्या म्हणाल्या. साहेब बसले. मी चाटच पडलो. पाठ सरळ, हात मांडीवर, नजर खाली. ही बैठक माझ्या चांगल्या ओळखीची होती.

चहा झाला. मग सगळे टाकीसमोर जमलो. साहेबांना बघताच माशाने गालफडं फुगवली, पंख ताणले आणि काचेवर धडक मारली. साहेबांचेही गाल नकळत फुगले.

“अगंबाई!” बाईसाहेब टाळी वाजवून म्हणाल्या. “अहो, हे तर हुबेहूब तुम्ही!”

“तरी आता बरे दिसताहेत,” माझी बायको भाबडेपणाने म्हणाली. “मध्ये पोट काय फुगलं होतं! एक दिवस कडक उपास आणि मग फक्त उकडलेला वाटाणा. सोलून. दोन दिवसांत बघा कसे सडसडीत झाले.”

“फक्त वाटाणा?” बाईसाहेबांनी विचारलं. त्यांनी आधी माशाच्या पोटाकडे पाहिलं, मग साहेबांच्या.

“गोगलगाय कुठाय?” साहेब घाईघाईने म्हणाले.

“दगडामागे झोपली असेल साहेब.”

“दगड उचला.”

मी दगड उचलला. खाली वाळू होती. साहेबांनी वाकून उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं, मग कंबर धरून उभे राहिले. “हं. तर अशी आहे तुमची गोगलगाय,” ते म्हणाले. “उद्या आदेश काढतो. चला हो.”

मी ‘हो साहेब’ म्हणालो. नेहमीसारखी मान खाली गेली, आणि मान खाली होती म्हणूनच मला ते दिसलं. कपाटाच्या कडेवरून एक चकाकती ओली रेघ खाली उतरली होती, फरशीवरून वळण घेत गेली होती आणि साहेबांच्या उजव्या बुटात शिरली होती. आणि साहेब त्याच बुटात पाय घालत होते.

“साहेब!!”

तो आवाज माझा होता. मला आधी वाटलं मास्तर ओरडले.

“थांबा! पाय काढा! काढा म्हणतो ना, आत्ताच्या आत्ता! खबरदार पाय आत घातलात तर!”

समोरचं दार उघडून काकू बाहेर आल्या. साहेब एका पायावर, भिंतीला हात लावून थिजले होते. दुसरा पाय बुटाच्या तोंडाशी अधांतरी. इतकी वर्षं मी त्या माणसाला ‘हो साहेब’च्या वरच्या पट्टीत काही म्हटलं नव्हतं.

“ऐकू येत नाही का?” बाईसाहेब कडाडल्या. “पाय काढा म्हणताहेत ना ते!”

साहेबांनी पाय काढला. मी गुडघ्यांवर बसलो, बूट हळूच कलता केला, आणि ती घरंगळत माझ्या तळहातावर आली. सोनेरी. लिंबाएवढी. झाकण लावून गप्प. मी सवयीने तिला नाकाशी नेऊन हुंगली. वास बुटाचा होता. मग झाकण हललं आणि एक मिशी बाहेर आली.

“आहे!” मी म्हणालो, आणि माझे डोळे भरून आले. “जिवंत आहे साहेब!”

साहेब भिंत धरून माझ्याकडे बघत होते. गाल फुगलेले नव्हते. “आहे खरी,” ते पुटपुटले. मग जरा थांबून म्हणाले, “पण काय हो, एवढा आवाज तुम्ही इतके दिवस ठेवला होता कुठे?”

“पोटात,” माझी बायको म्हणाली.

आधी बाईसाहेब हसल्या. मग मास्तर, मग काकू, आणि शेवटी खुद्द साहेब असे हसले की पोट त्यांच्यानंतरही थोडा वेळ हसत राहिलं. बायकोने मला दुसरा कप चहा न मागता दिला आणि ‘अहो, घ्या’ म्हणाली. त्या ‘अहो’त आदर होता, हे मी शपथेवर सांगतो.

सोमवारी माझ्या टेबलावर कागद आला. लाल शाईत शेरा : स्थळपाहणी केली. गोगलगाय आहे. प्रकरण निकाली. सगळ्या ऑफिसात वार्ता पोचली होती, शिपायाने मला न सांगता पाण्याचा पेला आणून ठेवला.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत साहेबांचं बोलावणं आलं. आत गेलो तर साहेब एकटेच बसले होते. समोर डबा उघडा. डब्यात उकडलेले वाटाणे होते. एकूण एक, सोललेले.

“काल रात्री काहीच नव्हतं,” साहेब हळू आवाजात म्हणाले. “हे किती दिवस चालतं?”

“माशाला दोनच दिवस, साहेब.”

साहेबांनी एक वाटाणा चिमटीत धरला, उजेडात पाहिला, परत डब्यात ठेवला. मग टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला.

“हे आमच्या घरी फोन करून सांगा,” ते म्हणाले. “आणि त्या दिवशी बोलला होतात ना, तसं बोला. मोठ्याने.”